वादाच्या विषयावर मिळून लिहायचे तर: मराठी विकिपीडियाचे परीक्षण

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया बहुतेकांना माहिती शोधायची जागा म्हणून ठाऊक आहे. हे परीक्षण लिहिणाऱ्याच्या बाजूने केलेले आहे. ज्या विषयावर चार माणसांचे एकमत होत नाही, त्यावर त्याच चार माणसांनी मिळून एक लेख लिहायचा, आणि तो कोणाही एकाचा वाटू नये, एवढे काम या जागेवर कितपत जमते, तेवढेच इथे तपासले आहे. निष्कर्ष आधी सांगून टाकू: अवजारे पक्की आहेत, नियम नेमके आहेत, राबणारे हात कमी पडतात. आणि मराठी भाषेच्या काही अडचणी अशा आहेत की त्यांची उत्तरे कुठल्याही नियमावलीत तयार मिळत नाहीत.

नियम तीन आणि ते एकमेकांना धरून आहेत. तटस्थ दृष्टिकोन ठेवा, प्रत्येक विधान पडताळता येईल असे लिहा, स्वतःचे संशोधन घालू नका. यातल्या पहिल्या नियमाचा सगळ्यात जास्त गैरसमज होतो. तटस्थ म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी जागा, असे समजून लोक लिहायला बसतात आणि लेख बिघडतो. विश्वासार्ह प्रकाशित साधनांत ज्या मताला जेवढे वजन, तेवढेच लेखात द्यायचे, असा तो नियम आहे. साधनांचा कौल स्पष्ट असेल तर लेखातही तो स्पष्ट दिसला पाहिजे.

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचे उदाहरण घ्या. जुन्या लेखनात वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ म्हणजे १६२७ साल येते. जेधे शकावली (जेधे घराण्यातली तारीखवार टिपणे) आणि शिवभारत (शिवकालीन संस्कृत काव्य) या साधनांवरून फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली आणि महाराष्ट्र शासनाने २००१ साली ती स्वीकारली. लेखात दोन्ही तारखा शेजारी शेजारी, सारख्या वजनाने ठेवल्या तर ते तटस्थ दिसते, पण तसे नसते. १६३० मुख्य मजकुरात, कोणत्या साधनावरून ते सांगून. १६२७ त्याच परिच्छेदात एका वाक्यात, ती तारीख कुठून आली ते सांगून. शासनाचा निर्णय तिसऱ्या, वेगळ्या वाक्यात, कारण शासनाने तारीख स्वीकारणे ही घटना आहे, तारखेचा पुरावा नाही. ही दोन विधाने एकात मिसळली की कोणीतरी ‘सरकारने ठरवले म्हणून खरे का?’ असे विचारत मजकूर उडवतो आणि तिथून भांडण सुरू होते. आणखी एक बारकावा: १९ फेब्रुवारी ही ज्युलियन दिनदर्शिकेतली तारीख आहे, ग्रेगोरियन हिशेबाने ती १ मार्च १६३० येते. अशा तारखेपुढे कोणती दिनदर्शिका ते लिहिले नाही, तर कोणी ना कोणी चांगल्या हेतूने ‘दुरुस्ती’ करून जातो.

याच ठिकाणी पहिली त्रुटी दिसते ती माहितीचौकटीची. लेखाच्या बाजूच्या चौकटीत एका ओळीत एकच उत्तर बसते. ‘यांच्या मते’ म्हणायला तिथे जागाच नाही. काही चौकटी विकिडाटावरून, म्हणजे सर्व भाषांतल्या विकिपीडियांच्या सामाईक माहितीसाठ्यातून, आपोआप भरल्या जातात. विकिडाटावर एकाच गोष्टीची दोन मूल्ये, प्रत्येकाला स्वतंत्र संदर्भ देऊन ठेवता येतात आणि त्यांतल्या एकाला अग्रक्रम देता येतो. हे चांगले आहे. मात्र तिथला बदल ती नोंद वापरणाऱ्या इतर भाषांतही उमटतो आणि मराठी लेखाच्या इतिहासात तो संपादन म्हणून नोंदला जात नाही. चौकटीतली तारीख बदललेली दिसली आणि इतिहासात कोणाचेच नाव सापडले नाही, तर विकिडाटावरची नोंद उघडून पाहावी. वर्गांचेही, म्हणजे लेखाच्या तळाशी लावायच्या विषयवार खुणांचेही, तेच. वर्ग हा ‘आहे’ किंवा ‘नाही’ असाच असतो. हयात व्यक्तीच्या लेखाला जातीचा वर्ग चिकटवणे म्हणूनच फार घातक. इंग्रजी विकिपीडियाच्या प्रथेप्रमाणे हयात व्यक्तीने स्वतः जात सांगितल्याचा संदर्भ लागतो. मराठीत लिहितानाही तीच कसोटी लावावी.

आता भाषेकडे येऊ. मराठीतला तटस्थतेचा खरा कस इथेच लागतो.

इंग्रजीत राजा असो वा चोर, क्रियापद तेच राहते. मराठीत ‘आला’ आणि ‘आले’ यांतून एक निवडावेच लागते आणि निवडले की बाजू दिसते. एकाच परिच्छेदात ‘महाराज आले’ आणि ‘खान आला’ असे लिहिले तर संदर्भ कितीही भक्कम असोत, वाचकाला लेखकाचा कल कळतो. उपाय एकच: लेखातल्या सर्व ऐतिहासिक व्यक्तींना एकच रूप लावायचे. सर्वांना आदरार्थी अनेकवचन लावणे मराठी वाचकाला कमी खुपते आणि त्यावर भांडणेही कमी होतात. मात्र हे ठरले की लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर सगळ्यात वर लिहून ठेवावे, नाहीतर नवा माणूस येऊन निम्मी क्रियापदे बदलतो आणि लेखाची गोधडी होते.

मृत्यूचे शब्द तर आणखी अवघड. निधन, मृत्यू, हत्या, वध, बलिदान, हौतात्म्य, मारला जाणे: यांतला प्रत्येक शब्द निकाल देऊन मोकळा होतो. ‘वध’ म्हटले की मारणारा न्याय्य ठरतो, ‘हत्या’ म्हटले की तो गुन्हेगार ठरतो, आणि नुसते ‘मृत्यू’ म्हटले की कोणी मारले हेच नाहीसे होते. जमेल असा मार्ग म्हणजे घटना साध्या क्रियापदाने सांगायची आणि परंपरेतले नाव परंपरेच्या नावावर टाकायचे. ‘१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीत शिवाजी महाराजांनी अफजलखानांना ठार केले. मराठी परंपरेत ही घटना अफजलखानाचा वध म्हणून ओळखली जाते.’ पहिल्या वाक्यात काय घडले, दुसऱ्यात लोक त्याला काय म्हणतात. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींना मारल्याच्या घटनेबाबत मात्र असा दुहेरी मार्ग घेण्याचे कारण नाही. खटला चालला, खुनाचा गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा झाली. लेखात ‘हत्या’ हाच शब्द योग्य. ‘वध’ हा शब्द कोण वापरतात आणि का, हे सांगायचेच असेल तर ते त्यांच्या नावाने, वेगळ्या परिच्छेदात.

१८५७ चे बंड, उठाव की स्वातंत्र्यसमर, हा त्याच जातीचा प्रश्न. शीर्षक एकच ठेवता येते, म्हणून तुलनेने सपाट शब्द, ‘उठाव’, शीर्षकात ठेवावा. उरलेली दोन्ही नावे पहिल्याच परिच्छेदात, कोणी रूढ केली ते सांगून. पुनर्निर्देशन केले की वाचक कुठल्याही नावाने शोधत आला तरी त्याच लेखावर पोहोचतो. हे अवजार फुकट आहे आणि नावांवरून पेटणारे निम्मे वाद त्याने शांत होतात. गोव्याबाबत १९ डिसेंबर १९६१ ला ‘मुक्ती’ म्हणायचे की ‘विलीनीकरण’, यावरही हाच उपाय.

वृत्तपत्री कर्मणी प्रयोगापासून सांभाळावे. ‘गोळीबार करण्यात आला’, ‘दगडफेक झाली’ या वाक्यांत कर्ताच नसतो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार पोलिसांनी केला, तर ‘पोलिसांनी केला’ असेच लिहावे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मृत्यू पावलेल्यांची संख्या छापील मजकुरात १०५, १०६ आणि १०७ अशी तिन्ही प्रकारे आढळते; लेखात आकडा टाकताना तो कुठल्या यादीतला ते सोबत हवे. ‘हुतात्मा चौक’ हे विशेषनाम आहे, ते तसेच राहील. व्यक्तींना ‘हुतात्मा’ म्हणणे मात्र शासनाच्या किंवा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या नावावर टाकावे.

‘असे म्हटले जाते’, ‘जाणकारांच्या मते’, ‘काहींचा आक्षेप आहे’ ही वाक्ये सापडली की तिथे ‘संदर्भ हवा’ किंवा ‘दुजोरा हवा’ हा साचा, म्हणजे लेखात दिसणारी तयार खूण, लावावा. नावासकट मत मिळाले तर ठेवावे, बऱ्यापैकी वाट पाहूनही मिळाले नाही तर काढावे. ‘दावा केला’, ‘कबूल केले’, ‘उघड केले’ या क्रियापदांतही निकाल दडलेला असतो. दोन्ही बाजूंना ‘म्हटले’ पुरते. एका बाजूला ‘स्पष्ट केले’ आणि दुसरीला ‘दावा केला’ ही जोडी तर फारच वेळा दिसते.

बेळगावचा लेख हा या सगळ्याचा कसोटीचा नमुना. मराठीत शहराचे रूढ नाव बेळगाव. कर्नाटक शासनाने १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी केले. मराठी लेखात मराठी रूढ नाव वापरणे पक्षपाती नाही, जसे कन्नड लेखात कन्नड नाव वापरणे नाही. अधिकृत नाव पहिल्या वाक्यात आले की झाले. मग पुढचे वाक्य. ‘कर्नाटकव्याप्त मराठी शहर’ हे एका बाजूचे, ‘कर्नाटकाचे अविभाज्य अंग’ हे दुसऱ्या बाजूचे. ‘बेळगाव हे वादग्रस्त शहर आहे’ हे दिसायला मधले, पण त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. चालेल असे वाक्य हे: ‘बेळगाव हे कर्नाटकातील जिल्ह्याच्या मुख्यालयाचे शहर आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्र शासन त्यावर हक्क सांगत असून २००४ साली त्याने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.’ आज कारभार कोणाचा, यावर वाद नाही. ते थेट लिहायचे. तो कोणाचा असावा, यावर वाद आहे. ते ज्याचे त्याच्या तोंडी.

त्याच लेखात महाजन आयोगाचा परिच्छेद नेहमी बिघडतो आणि तो गाळण्याने बिघडतो. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या आयोगाने १९६७ साली अहवाल दिला. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे, २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटक तो धरून आहे. फक्त २६४ लिहिले किंवा फक्त २४७ लिहिले, तरी दोन्ही विधाने खरी आणि दोन्ही लेख एकांगी. महाराष्ट्राच्या मागणीचा आकडाही काळाप्रमाणे बदलला: आधीच्या मागणीत ८१४ गावे, डिसेंबर २०२२ च्या विधिमंडळ ठरावात ८६५. आकड्याला साल जोडले नाही तर दोन लेखक दोन खरे आकडे घेऊन एकमेकांना खोटे ठरवत बसतात. भाषकांच्या टक्केवारीचेही तसेच आहे: शहर, तालुका की जिल्हा, आणि कुठल्या सालची जनगणना, हे नसेल तर ती टक्केवारी लेखात घालू नये.

अवजारांकडे वळू. सगळ्यात मोलाचा तो ‘इतिहास पहा’. प्रत्येक बदल, वेळ, सदस्यनाव आणि सारांश (काय बदलले त्याची एक ओळ) तिथे कायम राहतो आणि कुठल्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येतात. वादाच्या लेखात एका संपादनात एकच विधान बदलावे. वीस बदल एकदम जतन केले की एका चुकीसाठी उरलेले एकोणीसही कोणीतरी उलटवतो, म्हणजे आधीची आवृत्ती परत आणतो. सारांशात ‘सुधारणा’ लिहू नये. ‘आयोगाचे दोन्ही आकडे घातले, संदर्भ जोडला’ असे लिहावे. उलटवले गेल्यास परत तेच घालू नये, चर्चा पानावर जावे. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवले तर सदस्यावर बंदी येऊ शकते. मराठीत हात कमी असल्याने एकदाच उलटवून थांबणे केव्हाही चांगले.

चर्चा पानावरचा मजकूर कसा असावा, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘हा लेख पक्षपाती आहे’ या वाक्याने आजवर एकही लेख सुधारलेला नाही. आत्ताचे वाक्य जसेच्या तसे, खाली सुचवलेले वाक्य, त्याखाली पुस्तक, आवृत्ती, साल आणि पृष्ठ क्रमांक, शेवटी चार टिल्डे (~~~~) देऊन सही. आठवडाभर थांबावे. उत्तर आले नाही तर चावडीवर, म्हणजे सर्व सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, दुवा ठेवावा, तोही तटस्थ शब्दांत. आपल्या बाजूच्या ओळखीच्यांना बाहेरून बोलावून आणणे हा नियमभंग आहे. लांब मजकूर आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहून तिथेच इतरांना तपासायला द्यावा. लेखावर तटस्थतेच्या शंकेचा साचा लावायचा तर त्याच दिवशी चर्चा पानावर कारण लिहावे. कारण न लिहिलेले असे साचे वर्षानुवर्षे लेखांच्या डोक्यावर राहतात आणि कोणते वाक्य खटकले ते कोणालाच सांगता येत नाही.

संदर्भांचे यंत्र अर्धेच कामाचे. दुवा दिला की संदर्भ आपोआप तयार होतो खरा, पण मराठी वृत्तपत्रांच्या बाबतीत लेखकाच्या जागी ‘डेस्क’, शीर्षकाला चिकटलेले वृत्तपत्राचे नाव आणि तारखेची रिकामी जागा असे वारंवार होते. प्रत्येक संदर्भ हाताने तपासावा. संकेतस्थळांची रचना बदलली की बातम्यांचे दुवे मरतात, तेव्हा दुवा देतानाच वेबॅक मशीनवर (संकेतपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर) प्रत जतन करून तो दुवाही जोडावा. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो. तिथे प्रकाशक, गाव, आवृत्ती आणि पृष्ठ एवढे लागतेच, कारण आवृत्तीगणिक पृष्ठे बदलतात. पक्षाचे मुखपत्र हे त्या पक्षाची भूमिका सांगायला चालते, घटना सिद्ध करायला चालत नाही. सुनावणीत न्यायाधीशांनी तोंडी काढलेले उद्गार म्हणजे निकाल नव्हे. आणि बातमीतला मजकूर विकिपीडियावरूनच उचललेला असू शकतो: बातमीची तारीख आणि लेखात ते विधान आल्याची तारीख ताडून पाहावी. लेखातले विधान आधीचे असेल तर ती बातमी संदर्भ म्हणून बाद.

आता मुख्य कमतरता. इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून सदस्यांमधले वाद निकाली काढणारी लवाद समिती आहे. भारत-पाकिस्तानसारखे विषय ‘वादग्रस्त’ म्हणून वेगळे काढून त्यांना कडक नियम लावलेले आहेत. काही लेखांवर किमान ३० दिवस जुने आणि ५०० संपादने झालेले खातेच लिहू शकते. मराठीत लवाद समिती नाही, प्रचालक (पाने सुरक्षित करण्याचे, बंदी घालण्याचे अधिकार असलेले सदस्य) मोजके आहेत. उत्पात (मुद्दाम केलेली नासधूस) लवकर काढला जातो, सांगकामेही (आपोआप संपादन करणारे प्रोग्राम) हातभार लावतात, पण सभ्य भाषेत, संदर्भासह, हळूहळू एका बाजूला झुकत जाणारा लेख पाहायला कोणाला वेळ नसतो. लहान विकिपीडियाचे काय होऊ शकते याचा दाखला क्रोएशियन भाषेत आहे. तिथे एका गटाने प्रचालकपदे हाती धरून अनेक वर्षे इतिहासाचे लेख आपल्या बाजूने वळवले आणि २०२१ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. नियम तिथेही हेच होते.

मराठी माणसाला इंग्रजी लेखाचे भाषांतर करून काम उरकावेसे वाटते, त्याबद्दल एक इशारा. इंग्रजीत ज्या मताला वजन मिळाले ते इंग्रजी साधनांवरून. मराठी कागदपत्रे तिथे पोहोचलेली असतीलच असे नाही, आणि उलटही खरे. कोकणी-मराठी प्रश्नावरचा लेख घ्या. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोकणी गोव्याची राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापराचीही त्यात तरतूद आहे, १९९२ साली कोकणी आठव्या अनुसूचीत आली. ही तिन्ही विधाने एकत्र हवीत. मराठीत लिहिणाऱ्याचा हात मराठीच्या तरतुदीवर रेंगाळतो आणि १९७५ चा उल्लेख तळटीपेत जातो. गोव्यातल्या कोकणीचा स्वतंत्र विकिपीडिया आहे. लेख जतन करण्यापूर्वी तिथला त्याच विषयाचा लेख वाचला की काय गळाले ते लगेच दिसते.

कायद्याची बाजूही लिहिणाऱ्याने जाणून असावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरील छत्रपती संभाजी महाराजांच्या लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर पोलीस विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस दिली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. तटस्थतेच्या नियमात याला उत्तर नाही. टोपणनावाने खाते काढता येते आणि वादाच्या विषयांवर लिहिणाऱ्याने तसेच करावे. पण खरी खबरदारी वाक्यातच घ्यावी लागते. प्रत्येक खटकणारे विधान कोणाचे, कुठल्या पानावरचे, ते तिथल्या तिथे लिहिलेले असावे.

मराठी विश्वकोशाशी तुलना करायची तर तिथे नोंदीखाली लेखकाचे नाव असते, संपादक मंडळ जबाबदार असते, आणि नोंद बदलायला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. ज्याला एकदाच, ठामपणे लिहिलेला मजकूर हवा त्याने तिकडे जावे. विकिपीडियावरचा वादाचा लेख वाचताना मात्र आधी चर्चा पान उघडावे, मग इतिहास, मग लेख. इतिहासात शेवटच्या पन्नास संपादनांपैकी चाळीस एकाच नावावर असतील आणि चर्चा पान कोरे असेल, तर तो लेख अजून एकाच माणसाचा आहे. हाताशी एखादे पुस्तक आणि आठवड्यातला एक तास असेल, तर असा एक लेख निवडावा, निरीक्षणसूचीत (लेखातले बदल दाखवणाऱ्या आपल्या यादीत) टाकावा, आणि पहिल्या आठवड्यात लेखाला हात न लावता फक्त चर्चा पानावर एक वाक्य, एक पर्याय आणि एक पृष्ठ क्रमांक ठेवावा.